मोजल्याशिवाय इलेक्ट्रॉन नसतो का? क्वांटम आणि वैज्ञानिक वास्तववाद

प्रश्न चोपड्याकडच्या एका विद्यार्थ्याचा आहे. ते जळगावला एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वर्गात सर म्हणाले, गणित करा, अर्थ विचारू नका. गावच्या व्याख्यानमालेत वक्ते म्हणाले, पाहणारा नसेल तर जगच नसतं हे क्वांटमने सिद्ध केलंय, म्हणजे जगन्मिथ्यात्व विज्ञानालाही मान्य झालं. यूट्यूबवर पाहिलं तर तिथे समांतर विश्वं निघाली. 'मग इलेक्ट्रॉन खरा आहे की सोयीसाठी मानलेला? कोणतं इंटरप्रिटेशन खरं धरू? याच विषयावर सेमिनार द्यायचा आहे.'

मी आयुष्यभर खानदेशातल्या महाविद्यालयांत बी.एस्सी.-एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवलं आणि हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर लांबतं, कारण तो एक प्रश्न नसतो. पहिला प्रश्न: आपण असो वा नसो, जग आहे का? दुसरा: सिद्धान्त ज्या न दिसणाऱ्या वस्तूंची नावं घेतो, इलेक्ट्रॉन, फोटॉन (प्रकाशाचा कण), अणू, त्या खरोखर आहेत का? वैज्ञानिक वास्तववादाचा वाद मुख्यतः याच प्रश्नावर चालतो. तिसरा: श्रोडिंजरच्या समीकरणातला 'साय', म्हणजे तरंगफलन, जगातल्या कशाचं तरी वर्णन आहे की फक्त आपल्या माहितीचा हिशेब?

क्वांटमची खरी अडचण तिसऱ्या प्रश्नात आहे. वक्ते तिचं खापर पहिल्या प्रश्नावर फोडतात आणि टाळ्या घेऊन जातात. आधी माझं मत सांगून टाकते, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? इलेक्ट्रॉन आहे. साय म्हणजे काय, हे अजून ठरलेलं नाही. आणि जग आहे की नाही, याबद्दल क्वांटमकडे नवीन सांगण्यासारखं काही नाही.

पाहणाऱ्याचा मुद्दा आधी उरकून घेऊ. मोजमाप केल्यावर साय 'कोसळतो', म्हणजे अनेक शक्यतांतून एकच उरते, हे पुस्तकातलं वाक्य. मोजमाप कोण करतं, हे पुस्तक सांगत नाही. जॉन फॉन नॉयमानने १९३२ साली दाखवलं की ही कोसळण्याची जागा उपकरणात धरा, डोळ्यात धरा की आणखी आत, भाकितात फरक पडत नाही. यूजीन विग्नरने १९६१ मध्ये ती थेट जाणिवेत नेऊन ठेवली आणि 'पाहणारा जग घडवतो' याला नोबेल विजेत्याचं नाव मिळालं. विग्नरनेच पुढे हे मत सोडलं, ते मात्र व्याख्यानमालेपर्यंत पोचलेलं नाही.

प्रयोग काय सांगतो ते पाहा. १९९९ साली व्हिएन्नात साठ कार्बन अणूंच्या रेणूंचं व्यतिकरण, म्हणजे तरंगांसारखं एकमेकांत मिसळून पट्टे उमटवणं, दाखवलं गेलं, इलेक्ट्रॉनसारखे पट्टे मिळाले. तिथल्याच गटाने २००४ मध्ये सत्तर कार्बन अणूंचे रेणू घेऊन ते लेझरने तापवत नेले, इतके की उडता उडता रेणू स्वतःच प्रकाश बाहेर टाकू लागले. जसजसं तापमान वाढलं तसतसे पट्टे पुसट होत गेले. बाहेर पडणारा फोटॉन रेणू कुठून गेला याची खूण घेऊन जातो, तेवढ्याने काम भागतं. तो फोटॉन कुणी पाहिला नाही, तो भिंतीत शोषला गेला तरी पट्टे पुसलेच. परिसराशी होणाऱ्या या देवाणघेवाणीला डिकोहीरन्स म्हणतात. १९७० पासून डीटर झे आणि नंतर वोइचेख झुरेक यांनी तिचं गणित मांडलं. जाणिवेची गरज इथे कुठेच लागत नाही.

आणि वेदान्ताला तरी या टेकूची काय गरज? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादात 'नाभाव उपलब्धेः' असं सूत्र आहे. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य विज्ञानवादी बौद्धांना (सगळं केवळ 'विज्ञान', म्हणजे जाणीव, असं मानणाऱ्यांना) उत्तर देताना म्हणतात की खांब, भिंत, घट, पट हे प्रत्येक प्रत्ययात बाहेरचे म्हणूनच अनुभवाला येतात, त्यांचा अभाव मानता येत नाही. म्हणजे व्यवहाराच्या पातळीवर, बाह्य वस्तू केवळ पाहणाऱ्याच्या मनात आहेत, याला खुद्द आचार्यांचा विरोध. त्यांचं मिथ्यात्व इलेक्ट्रॉनला लागू आहे तितकंच शेतातल्या केळीच्या खोडालाही लागू आहे, त्याला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही. अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा माणूस तिथे संचालक होता. आपल्या जिल्ह्यात ज्ञाता-ज्ञेयाचा वाद इतक्या वरच्या पातळीवर झालेला असताना तो व्हॉट्सॲपच्या पातळीवर आणू नये असं मला वाटतं. श्रोडिंजरला वेदान्ताची ओढ होती हे खरं. पण त्याचं १९३५ चं मांजर 'पाहिल्यावरच जग ठरतं' हे सांगण्यासाठी नव्हतं. अर्धं जिवंत अर्धं मेलं मांजर ही हास्यास्पद गोष्ट आहे, तिथवर पोचवणाऱ्या वर्णनात काहीतरी खोट आहे, असं त्याला म्हणायचं होतं.

आता इलेक्ट्रॉन. तुम्ही बी.एस्सी.ला एलईडी वापरून प्लांकचा स्थिरांक, म्हणजे क्वांटमच्या सूत्रांत सगळीकडे येणारा आकडा, काढला असेल. लाल एलईडी १.८ व्होल्टच्या आसपास पेटतो, निळा अडीचच्या पुढे. कोणत्या रंगाला किती व्होल्ट लागले त्याचा आलेख, त्याच्या चढावरून स्थिरांक. त्याच सत्रात फोटोसेल घेऊन प्रकाशविद्युत परिणामाचा प्रयोग असतो. त्यात एलईडीसारखा अर्धवाहक नाही, उलट प्रकाश पाडून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे आणि उलटा व्होल्ट लावून थांबवायचे. दोन्हीकडे उत्तर ६.६ गुणिले १० चा उणे ३४ वा घात याच्या अवतीभवती येतं. आपल्या उपकरणांनी कधी सहाच्या खाली, कधी सातच्या वर, पण घात तोच. मुलं उत्तर पुस्तकाशी जुळवण्याच्या घाईत असतात, म्हणून त्यातलं आश्चर्य निसटतं: ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा दोन वाटा एकाच आकड्यावर का पोचतात?

ज्याँ पेराँने अणूंच्या बाबतीत हाच युक्तिवाद केला. १९०८ पासून त्याने ब्राउनी हालचालीवरून, म्हणजे द्रवातल्या बारीक कणांच्या थरथरीवरून, ॲव्होगाड्रोचा अंक (एका मोल पदार्थात किती रेणू) काढला. १९१३ पर्यंत त्याच्याकडे आकाशाचा निळा रंग, किरणोत्सर्ग, कृष्ण वस्तूचं प्रारण अशा एकमेकांपासून दूरच्या वाटांनी आलेले आकडे होते आणि ते जुळत होते. अणू ही केवळ हिशेबाची सोय असती तर हे जुळणं कशामुळे झालं? विल्हेल्म ओस्टवाल्ड वर्षानुवर्षं अणूंच्या विरोधात होता, त्याने १९०९ पर्यंत जाहीर माघार घेतली. अणू न मानणाऱ्या एर्न्स्ट माखने शेवटपर्यंत घेतली नाही, असेही लोक असतात. १९७५ मध्ये हिलरी पटनमने हा विचार एका वाक्यात मांडला: विज्ञानाचं यश चमत्कार ठरू न देणारं एकच तत्त्वज्ञान आहे, वास्तववाद.

याच्या विरोधातला सर्वांत जोरदार मुद्दा लॅरी लॉडनने १९८१ मध्ये मांडला आणि तो टाळता येत नाही. यशस्वी होऊनही पुढे खोटे ठरलेले सिद्धान्त इतिहासात पुष्कळ आहेत. कार्नोने १८२४ मध्ये उष्णता-इंजिनाचा नियम काढला तो उष्णता हा द्रव आहे असं धरून. तो द्रव नाही, नियम मात्र टिकला. फ्रेनेलने प्रकाशाच्या परावर्तनाची सूत्रं ईथर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारं माध्यम, मानून काढली. ईथर गेला, सूत्रं मॅक्सवेलच्या सिद्धान्तात जशीच्या तशी उरली. जॉन वॉरलने १९८९ मध्ये यातून वाट काढली: वस्तूबद्दलची कल्पना बदलते, गणिती संरचना टिकते, तेव्हा विश्वास संरचनेवर ठेवा. बास फान फ्रासेन १९८० पासून म्हणतो की सिद्धान्ताने दिसणाऱ्या गोष्टी नीट सांगितल्या की झालं, न दिसणाऱ्यांबद्दल हो किंवा नाही म्हणायची सक्ती नाही.

मी स्वतः इयन हॅकिंगच्या १९८३ च्या मताजवळची आहे. एखाद्या गोष्टीचा वापर करून दुसरंच काही करता येतं, तेव्हा ती गोष्ट आहे म्हणायला हरकत नाही. इलेक्ट्रॉन आता शोधायचं लक्ष्य राहिलेला नाही, तो हत्यार झालाय. गंमत म्हणजे २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याच प्लांकच्या स्थिरांकावर बसवली आहे. जळगावच्या सराफ बाजारात तोळाभर सोनं ज्या मापाने तोललं जातं, त्याचा आधार आता हाच आकडा. याला नुसती कल्पना म्हणायला मला जड जातं.

पण 'इलेक्ट्रॉन आहे' म्हणणं सोपं, 'तो मोजण्याआधी कसा होता' हे सांगणं अवघड. इथून पुढे सावकाश वाचा.

गोलाणी मार्केटात किंवा कुठल्याही मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मोडक्या एलसीडीची पोलरॉइड फिल्म मिळते. तीन तुकडे घ्या. पहिल्यामागे दुसरा काटकोनात धरला की टॉर्चचा उजेड जवळजवळ बंद होतो. मग तिसरा तुकडा दोघांच्या मध्ये ४५ अंशांत सरकवा. उजेड परत येतो. मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, 'अरे भो, उजेड आला!' पहिल्यातून जेवढा प्रकाश बाहेर पडला त्याचा आदर्श स्थितीत पाव भाग पलीकडे पोचतो: मालसच्या नियमाने ४५ अंशांच्या प्रत्येक टप्प्याला निम्मा. अडवणारी आणखी एक फिल्म घातली आणि प्रकाश वाढला. याचा अर्थ फिल्म केवळ चाळत नाही, त्यातून जाणाऱ्यात ती बदलही करते.

आता फसू नका. तरंग म्हणून पाहिलं तर इथे काहीच गूढ नाही, एकोणिसाव्या शतकातल्या माणसालाही हे समजावता आलं असतं. गूढ सुरू होतं एकेक फोटॉन सोडल्यावर. अर्धा फोटॉन पलीकडे जात नाही, तो जातो किंवा अडतो. मग ४५ अंशांच्या फिल्मपाशी आलेल्या फोटॉनजवळ 'जायचं' की 'अडायचं' हे आधीच ठरलेलं असतं का? आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा १९३५ चा युक्तिवाद या दिशेचा होता: ठरलेलं असणारच, ते क्वांटमच्या वर्णनात नाही एवढंच, म्हणजे वर्णन अपुरं आहे. हे शुद्ध वास्तववादी मत, आणि त्या काळी त्यात चूक दाखवणं सोपं नव्हतं. फिल्म फोटॉनला ढकलते म्हणून गोंधळ होतो, अशी सबबही देता येत होती. १९६४ मध्ये जॉन बेलने ती सबब काढून घेतली. तुमच्या सेमिनारचा गाभा इथे आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवते.

समजा दोन मित्र परीक्षेला बसलेत, एक भुसावळ केंद्रावर, दुसरा नंदुरबारला. फोन नाही, चिठ्ठी नाही. प्रश्न तीनच: पहिला, दुसरा, तिसरा. परीक्षक ऐनवेळी त्यातला कोणताही एक विचारतो, दोन्ही केंद्रांवर स्वतंत्रपणे. उत्तर हो किंवा नाही. ही परीक्षा पुन्हा पुन्हा घेतली आणि असं दिसलं की दोघांना एकच प्रश्न आला की उत्तर न चुकता जुळतं. तुम्ही काय म्हणाल? अर्थात, गाडीत बसण्याआधी दोघांनी तिन्ही उत्तरं ठरवून घेतलीत. प्रत्येकाच्या खिशात सारखीच चिठ्ठी आहे, समजा हो-हो-नाही.

आता ज्या वेळी वेगवेगळे प्रश्न आले तेवढ्याच फेऱ्या घ्या. तीन प्रश्नांना दोनच प्रकारची उत्तरं आहेत, म्हणजे चिठ्ठीवर काहीही असलं तरी निदान दोन प्रश्नांची उत्तरं सारखी असणारच. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा या तीन जोड्यांपैकी किमान एक जुळते. मग वेगळ्या प्रश्नांच्या फेऱ्यांत जुळण्याचं प्रमाण एक तृतीयांशाच्या खाली जाऊच शकत नाही. यात भौतिकशास्त्र नाही, चौथीच्या मुलालाही पटेल.

मित्रांच्या जागी गुंतलेल्या, म्हणजे ज्यांची स्थिती वेगवेगळी सांगता येत नाही अशा, फोटॉनांची जोडी ठेवा आणि प्रश्नांच्या जागी पोलरॉइडचे तीन कोन: ०, ६० आणि १२० अंश. योग्य जोडी घेतली तर कोन सारखा असताना निकाल नेहमी जुळतो. कोन वेगळे असतील तेव्हा जुळण्याचं प्रमाण येतं कोसाइन ६० चा वर्ग, म्हणजे एक चतुर्थांश. पोलरॉइडला १८० अंशांनी फिरवलं तर फरक पडत नाही, म्हणून ० आणि १२० मधलं अंतरही ६० च धरायचं. ३३ टक्क्यांच्या खाली जाणं अशक्य होतं, आणि क्वांटम म्हणतं २५.

प्रयोगांनी क्वांटमची बाजू घेतली. १९७२ मध्ये फ्रीडमन आणि क्लाउजर, १९८२ मध्ये ॲस्पे आणि सहकारी. त्यांत पळवाटा शिल्लक होत्या, त्या २०१५ च्या प्रयोगांत बुजवल्या गेल्या. त्यातला डेल्फ्टचा मला विशेष आवडतो. १.३ किलोमीटर अंतरावर दोन हिरे, प्रत्येकातल्या एका इलेक्ट्रॉनचा स्पिन (फिरकीसारखा अंगभूत गुणधर्म) मोजायचा. जोडी जुळवणं इतकं किचकट की हाती आल्या फक्त २४५ नोंदी. चिठ्ठीचा हिशेब खरा असता तर ज्या राशीची मर्यादा २ असायला हवी ती २.४२ आली, अनिश्चितता ०.२०. क्लाउजर, ॲस्पे आणि त्साइलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते या वाटेवरच्या कामासाठी.

बातम्यांनी तेव्हा मथळे दिले: 'वास्तव नसतं हे सिद्ध.' सिद्ध झालं ते एवढंच की खालच्या गोष्टी एकदम खऱ्या धरता येत नाहीत: उत्तरांची चिठ्ठी खिशात आहे किंवा निदान उत्तर जवळच्याच कारणांनी ठरतं, भुसावळला कोणता प्रश्न आला याचा परिणाम लगेच नंदुरबारला होत नाही, परीक्षकाची निवड चिठ्ठीशी आधीपासून बांधलेली नाही आणि प्रत्येक फेरीत एकच निकाल लागतो. यातलं काहीतरी सोडावं लागेल. जग सोडावं लागत नाही. बेल स्वतः पक्का वास्तववादी होता, त्याला जवळीक, म्हणजे लांबच्या घटनेचा लगेच परिणाम होत नाही हे गृहीतक, सोडणं जास्त पटत होतं.

त्याच्या मागे एक गोष्ट आहे, ती विद्यार्थ्यांना सांगायला मला आवडते. फॉन नॉयमानच्या १९३२ च्या पुस्तकात लपलेल्या चलांचा (साय मध्ये नसलेल्या पण निकाल ठरवणाऱ्या राशींचा) सिद्धान्त अशक्य असल्याची 'सिद्धता' होती आणि पिढीभर लोक तिच्या आधाराने गप्प बसले. ग्रेटे हेर्मान या जर्मन गणितज्ञ-तत्त्वज्ञ बाईने १९३५ मध्येच त्यातलं भगदाड दाखवलं होतं, कुणी लक्ष दिलं नाही. १९५२ मध्ये डेव्हिड बोमने असा सिद्धान्त लिहूनच दाखवला. त्यात कण आहेत, त्यांना कायम निश्चित जागा आहेत आणि साय त्यांना वाट दाखवतो. भाकितं क्वांटमचीच. बेलने तो वाचला आणि अशक्य म्हटलेलं घडलं कसं हे शोधता शोधता स्वतःच्या प्रमेयापर्यंत पोचला. 'थोरांनी सिद्ध केलंय' एवढ्यावर थांबायचं नाही, हे त्यातून घ्या.

आता इंटरप्रिटेशनांचं गुऱ्हाळ. यादी पाठ करू नका. टिम मॉडलिनने १९९५ मध्ये एक मांडणी केली, ती वापरली की सगळं आपोआप आपल्या जागी बसतं. तीन विधानं घ्या. एक, साय हे वर्णन पूर्ण आहे. दोन, साय नेहमी श्रोडिंजरच्या समीकरणानेच बदलतो. तीन, मोजमापाला एकच निश्चित निकाल असतो. तिन्ही एकत्र खरी असू शकत नाहीत, कारण रेषीय समीकरणात संमिश्र स्थिती, म्हणजे अनेक शक्यतांची एकत्र बेरीज, घातली तर उपकरणाचा काटाही संमिश्र स्थितीतच जातो. पहिलं सोडा, तुम्ही बोमकडे गेलात. दुसरं सोडा, गिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांच्या १९८६ च्या सिद्धान्ताकडे: साय आपला आपण अधूनमधून कोसळतो. एका कणाला हे तीसेक कोटी वर्षांत एकदा होतं, पण काट्यात अब्जावधी अब्ज कण असल्याने काटा क्षणात ठरतो. तिसरं सोडा, एव्हरेटच्या १९५७ च्या प्रबंधाकडे, ज्यातून पुढे यूट्यूबची समांतर विश्वं निघाली.

लक्षात आलं का? तिन्ही वास्तववादी आहेत. तिघांनाही जग पाहणाऱ्याविना चालतं. तेव्हा 'क्वांटमने वास्तववाद संपवला' या विधानाला तीन जिवंत अपवाद समोर उभे आहेत.

नील्स बोर या चौकटीत बसत नाही. तो साय हे हत्यार मानतो आणि उपकरणांबद्दल रोजच्या भाषेत बोललंच पाहिजे म्हणतो. क्यूबिझमवाले (चित्रकलेतले नव्हेत, क्वांटम बेझियनिझमचे) साय म्हणजे पैज लावणाऱ्याची अपेक्षा म्हणतात. ही मतं साय बाबतीत वास्तववादी नाहीत, पण जग नाही असं त्यांपैकी कुणी म्हणत नाही. त्यांच्यासाठीही वाट पूर्ण मोकळी नाही. प्युझी, बॅरेट आणि रुडॉल्फ यांनी २०१२ मध्ये दाखवलं की खाली काही वास्तव स्थिती आहे आणि स्वतंत्रपणे तयार केलेल्या प्रणाली खरोखर स्वतंत्र आहेत एवढं मान्य केलं, तर साय नुसती माहिती असू शकत नाही.

डिकोहीरन्सने हे सगळं सुटलं असं काही प्राध्यापक सांगतात. मला ते पटत नाही. पट्टे का पुसले जातात हे त्याने कळतं, पण उरलेल्या दोन शक्यतांपैकी हीच का घडली हे कळत नाही.

कोणतं खरं धरू, हे तुम्ही विचारलंय. हे तुम्ही पुढे काय करणार त्यावर थोडं अवलंबून आहे. नेट-सेटसाठी अभ्यास करताय तर कोणतंही धरलं नाही तरी चालेल, हायड्रोजनच्या पातळ्या सगळीकडे सारख्याच येतात आणि तुमच्या सरांचा सल्ला तिथे योग्यच आहे. क्वांटम माहितीशास्त्रात जायचं असेल, आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये ६००३.६५ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केल्यापासून बरेच जण तिकडे बघताहेत, तर बेलचं प्रमेय हे तत्त्वज्ञान राहत नाही. आर्टुर एकर्टने १९९१ मध्ये त्यावरच गुप्त किल्ली वाटण्याची पद्धत बांधली. 'हे वाद कधी सुटणारच नाहीत' असंही सरसकट म्हणू नका. आपोआप कोसळण्याचे सिद्धान्त क्वांटमपेक्षा किंचित वेगळं भाकीत करतात. इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखाली २०२० मध्ये गुरुत्वाने कोसळण्याच्या डिओसी-पेनरोझ कल्पनेचं सर्वांत साधं रूप जर्मेनियमच्या शोधकाने बाद केलं.

माझा स्वतःचा कल असा की सगळ्या इंटरप्रिटेशनांत जे समान उरतं त्यावर भरवसा ठेवायचा: इलेक्ट्रॉनचा प्रभार, वस्तुमान, स्पिनची किंमत, दूरच्या कणांमधली ती २५ टक्क्यांची गाठ. बाकीच्याबद्दल मत राखून ठेवायचं. मालसचा नियम किंवा बेलच्या चाचणीतला आकडा उद्या कोणताही सिद्धान्त आला तरी त्याला गिळावा लागेल, फ्रेनेलच्या सूत्रांसारखा.

या भूमिकेतही फट आहे, ती झाकत नाही. बोमचा इलेक्ट्रॉन हा जागा असलेला कण. एव्हरेटकडे तो विश्वव्यापी तरंगातला एक आकृतिबंध. क्वांटम क्षेत्रसिद्धान्तात तर 'कण किती आहेत' याचं उत्तर त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकासाठी वेगळं येतं. मग 'इलेक्ट्रॉन आहे' म्हणताना मी नक्की कशाला हो म्हणतेय? प्रभार आणि स्पिन ज्याचे आहेत त्याला, एवढंच म्हणू शकते. आणि तो कोण, तर प्रभार आणि स्पिन असलेला. वर्तुळ आहे, मान्य. बोमकडे निदान सरळ उत्तर आहे, पण त्याची ती अंतर न मानणारी, अनेक मितींच्या अवकाशात पसरलेली लाट मी सहज पचवू शकत नाही. आणि एव्हरेटमध्ये सगळंच घडत असेल तर २५ टक्के म्हणजे कशाचे २५ टक्के, यावरची उत्तरं मला अजून पटलेली नाहीत.

सेमिनारबद्दल. मांजर घेऊ नका, सगळेच घेतात. तीन पोलरॉइडनी सुरुवात करा, उजेड परत आणा, मग एकेक फोटॉनवर या, मग भुसावळ-नंदुरबारचं गणित फळ्यावर करा. ३३ आणि २५ हे दोन आकडे पुसू नका, शेवटपर्यंत फळ्यावर राहू द्या. त्यानंतर मॉडलिनची तीन विधानं लिहा आणि कोण कोणतं सोडतो ते समोर नाव घालून दाखवा. पस्तीस-चाळीस मिनिटांत बसतं.

आणि एका प्रश्नाची तयारी ठेवा, तो हमखास येतो: 'मग भुसावळहून नंदुरबारला प्रकाशापेक्षा वेगाने निरोप गेला का?' नाही. नंदुरबारचा परीक्षक एकटा बसून आपली पानं पाहतो तेव्हा त्याला अर्धे हो, अर्धे नाही दिसतात, भुसावळला कोणताही प्रश्न विचारलेला असो. आपल्या नोंदींत तो काही वाचू शकत नाही. ती २५ टक्क्यांची गाठ दिसते ती दोन्ही केंद्रांच्या उत्तरपत्रिका एका टेबलावर आणून ताडल्यावर, आणि त्या आणायला गाडीनेच यावं लागतं. कुणी पुढे विचारलं, 'निरोप गेला नाही, पण काहीतरी गेलं ना?' तर फळ्यावरच्या तीन विधानांकडे बोट दाखवा आणि कोणतं सोडायला तयार आहात ते त्यांनाच विचारा.